कॅरिओटाइप नॉर्मल आहे, मग ल्युकेमिया कसा झाला?

इंदूरच्याच सुदामा नगरातून एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांच्या धाकट्या भावाला, वय ४१, गेल्या आठवड्यात एएमएलचं, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरचं निदान झालं. आधी महिनाभर थकवा, मग दात घासताना हिरड्यांतून रक्त, मग न उतरणारा ताप. रिपोर्टात चार ओळी आहेत: कॅरिओटाइप नॉर्मल, एनपीएम१ म्युटेटेड, डीएनएमटी३ए म्युटेटेड, एफएलटी३-आयटीडी निगेटिव्ह. (म्युटेटेड म्हणजे त्या जीनमध्ये बदल झालेला.) ते लिहितात, "क्रोमोसोम नॉर्मल आहेत असं स्वच्छ लिहिलंय, मग हा आजार आला कुठून? राउंडला डॉक्टर म्हणाले, जीन्सचं नियंत्रण बिघडलंय. मला ते कळलं नाही आणि तिथे उभं राहून विचारायचा धीर झाला नाही. आई सारखी म्हणते, आपल्या घराण्यात कुणाला नव्हतं. भावाला दोन मुली आहेत, मला मुलगा आहे. त्यांचीही तपासणी करून घेऊ का?"

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. चोवीस वर्षं इंदुरातच बोन मॅरोच्या, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या मगजाच्या, स्लाइड बघते आहे. तुमच्या भावावर उपचार करणारी डॉक्टर मी नाही, त्यांची स्लाइडही मी पाहिलेली नाही, त्यामुळे कोणतं औषध किती द्यायचं यावर मी काही बोलणार नाही. पण त्या चार ओळींचा अर्थ नीट सांगू शकते, आणि तो तुम्हाला कळणं मला फार गरजेचं वाटतं. तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: क्रोमोसोम नॉर्मल म्हणजे काय, नियंत्रण बिघडणं म्हणजे काय, आणि हे मुलांपर्यंत जाणार का. या तिघींच्या मुळाशी एकच समजूत दिसते, की रिपोर्टात जीनचं नाव आलं म्हणजे ते जन्मापासून रक्तात होतं आणि वारशाने पुढे जाणार. ती समजूत आधी सोडवू.

कॅरिओटाइपपासून सुरुवात करते. या तपासणीत मॅरोतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, विभाजनाच्या नेमक्या क्षणी थांबवतात आणि त्यांचे ४६ क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, सूक्ष्मदर्शकाखाली जोड्या लावून बघतात. साधारण वीस पेशी बघितल्या जातात. एखादा तुकडा तुटून दुसरीकडे चिकटला असेल, एखादा क्रोमोसोम कमी-जास्त असेल तर ते दिसतं. पण माणसाच्या डीएनएत ३०० कोटी अक्षरं आहेत आणि या पद्धतीने डोळ्याला दिसायला किमान पन्नास लाख अक्षरांच्या आसपास फेरफार व्हावा लागतो. एनपीएम१ मधला बदल बहुतेक वेळा केवढा असतो माहीत आहे? चार अक्षरं जास्तीची. तीनशे कोटींत चार. म्हणून कॅरिओटाइप नॉर्मल आला. मोठ्यांमधल्या एएमएलमध्ये जवळपास निम्म्या रुग्णांचा तो नॉर्मलच येतो. तो रिपोर्ट खोटा नाही आणि निदानही चुकलेलं नाही. ती तपासणी मोठी पडझड शोधते, इथे झालेली गोष्ट बारीक आहे आणि ती दुसऱ्या तपासणीत सापडली, इतकंच.

आता नियंत्रण. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथेच आहे.

तुमच्या यकृताच्या पेशीत, डोळ्याच्या पेशीत आणि मॅरोतल्या पेशीत डीएनए एकच आहे. (रक्तातल्या लिंफोसाइट पेशी आपल्या काही जीन्सची कापाकापी करून घेतात, तेवढा अपवाद.) सुमारे वीस हजार जीन्स, सगळीकडे तेच. फरक पडतो तो कोणत्या पेशीत कोणते जीन्स चालू आणि कोणते बंद, यावर. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून एवढ्याशा केंद्रकात बसवलेला असतो. आपल्या आईचं साड्यांचं कपाट आठवा. साड्या सगळ्या तिच्याच, पण रोज नेसल्या जातात त्या वरच्या, हाताला लागणाऱ्या. लग्नातला शालू तळाशी फडक्यात बांधून ठेवलेला असतो. तो आहे, शाबूत आहे, पण कुणीतरी गाठोडं सोडल्याशिवाय बाहेर येणार नाही. पेशीतही तसंच. जो भाग सैल उघडा आहे तो वाचला जातो, जो घट्ट बांधलेला आहे तो गप्प राहतो. काय बांधायचं आणि काय उघडं ठेवायचं हे ठरवायला डीएनएवर आणि हिस्टोनांवर छोट्या रासायनिक खुणा लावल्या आणि पुसल्या जातात. डीएनएवर मेथिल नावाची खूण लावणारं एक प्रथिन ज्या जीनपासून बनतं, त्याचं नाव डीएनएमटी३ए. तुमच्या रिपोर्टातली तिसरी ओळ.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, रोज डोळ्यांनी बघते. बोन मॅरोची स्लाइड लिशमन स्टेन करून, तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली घेतली की अगदी कोवळ्या पेशीचं केंद्रक विरळ, मलमलीसारखं दिसतं आणि त्यात एक-दोन फिकट निळसर ठिपके असतात. त्यांना न्यूक्लिओलस म्हणतात. ही पेशी अजून काय व्हायचं ते ठरवते आहे, तिची पुष्कळ गाठोडी सैल आहेत. तीच पेशी पुढे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी, झाली की केंद्रकाचे तीन-चार कप्पे पडतात आणि आतला रंग गडद, गुठळ्या-गुठळ्यांचा होतो. ठिपके दिसेनासे होतात. लाल पेशीच्या रांगेत तर केंद्रक आवळत आवळत काळ्या मण्यासारखं होतं आणि शेवटी पेशी ते बाहेरच टाकून देते. म्हणजे जीन्स उघडे असणं आणि बंद होणं आम्हाला रंगाच्या पोतावरून दिसतं. ल्युकेमियाच्या स्लाइडमध्ये नजरेला पहिल्यांदा खटकतं ते हेच: पडदाभर नुसती मलमलीच्या केंद्रकाची कोवळी पोरं, आणि मोठं झालेलं कुणीच नाही. त्या कोवळ्या पेशींना आम्ही ब्लास्ट म्हणतो.

निरोगी माणसात मॅरो रोज सुमारे २०,००० कोटी लाल पेशी बनवतो, शिवाय पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वेगळ्या. एवढ्या मोठ्या कामात प्रत्येक पेशीला वेळेवर मोठं करणारे काही मुकादम आहेत. ही प्रथिनं डीएनएवर ठरावीक जागी बसून जीन्स चालू-बंद करतात. गाटा१ नावाचा मुकादम पेशीला लाल पेशीच्या वाटेवर नेतो, पीयू.१ पांढऱ्या पेशीच्या. दोघे एकमेकांना दाबतात, त्यामुळे एकाचं पारडं जड झालं की पेशी अर्धवट घुटमळत नाही, एका बाजूला निघून जाते. पुढे सीईबीपीए न्यूट्रोफिलपर्यंत पोहोचवतो. आणि होक्स नावाचं एक जीन्सचं घराणं आहे, त्यातला होक्सए९ आणि त्याचा सोबती मेइस१ हे कोवळ्या पेशीत चालू असतात. "अजून मोठं व्हायचं नाही, आपल्यासारख्या आणखी पेशी बनव," असा त्यांचा हुकूम. पेशी मोठी होऊ लागली की हे दोघे बंद व्हायला हवेत. त्यांचं नाव लक्षात ठेवा, तुमच्या भावाच्या गोष्टीत ते परत येणार आहेत.

हे नियंत्रण अनेक रीतींनी बिघडतं. मला सगळ्यात बोलका वाटतो तो तिसऱ्या क्रोमोसोमचा प्रकार. काही रुग्णांत तिसऱ्या क्रोमोसोमचा एक तुकडा उलटा होऊन बसतो. २०१४ साली संशोधकांनी दाखवलं की त्या उलथापालथीत गाटा२ जीन चालू ठेवणारं बटण त्याच्यापासून तुटून इव्ही१ नावाच्या जीनशेजारी येतं. आपल्याकडे नर्मदेचं पाणी आलं की मोटर लावतो. समजा तारा ओढताना चूक झाली आणि देवघरातला रात्रंदिवस जळणारा दिवा ज्या बटणावर आहे, त्याच बटणावर दिव्याऐवजी मोटर जोडली गेली. मोटरमध्ये बिघाड नाही. बटणातही नाही. पण टाकी वाहून घरात पाणी शिरेल, आणि देवघर अंधारात राहील. इव्ही१ चं एक अक्षरही बदललेलं नसताना तो बेफाम चालू राहतो आणि गाटा२ कमी पडतो. फक्त जीनचं लिखाण वाचत बसलं तर हा आजार सापडणारच नाही. नियंत्रण बिघडणं म्हणजे काय, हे मी विद्यार्थ्यांना याच उदाहरणाने सांगते.

दुसरा प्रकार मुकादमच बदलला जाण्याचा. एपीएल हा एएमएलचाच एक पोटप्रकार. त्यात १५ आणि १७ या क्रोमोसोमांची अदलाबदल होते, ती १९७७ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवली. या अदलाबदलीतून दोन जीन्स जोडले जाऊन एक मिश्र प्रथिन बनतं. त्याचा अर्धा भाग व्हिटॅमिन एच्या नातलगाला, रेटिनोइक अॅसिडला ओळखणारा. एरवी हा भाग रेटिनोइक अॅसिड भेटलं की पेशीला मोठं करणारे जीन्स उघडतो. मिश्र प्रथिन मात्र त्या जीन्सवर ठाण मांडून बसतं आणि गाठोडी आवळणाऱ्यांना बोलावून घेतं. शरीरात असतं तेवढं रेटिनोइक अॅसिड त्याला हलवू शकत नाही. पेशी तिथेच अडकतात.

मग शांघायच्या डॉक्टरांनी ऑल-ट्रान्स रेटिनोइक अॅसिड, आम्ही ज्याला अट्रा म्हणतो, ते औषधाच्या मात्रेत दिलं. १९८८ साली त्यांनी २४ रुग्णांचा अनुभव छापला. त्यातल्या २३ जणांचा आजार नुसत्या अट्राने मागे हटला होता. पेशी मारल्या नव्हत्या, मोठ्या केल्या होत्या. हे माझ्या स्वतःच्या भिंगाखाली मी पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मला अजून आठवतो. एपीएलच्या ब्लास्टमध्ये लालसर काड्या असतात, ऑअर रॉड म्हणतात त्यांना. निरोगी पेशीत त्या कधीच नसतात. उपचार सुरू होऊन काही दिवस झालेल्या एका मुलीचं रक्त मी बघत होते आणि एका पूर्ण वाढलेल्या, तीन कप्प्यांच्या केंद्रकाच्या न्यूट्रोफिलमध्ये मला ऑअर रॉड दिसली. म्हणजे ही कालची कॅन्सरची पेशी होती. आज ती न्यूट्रोफिल होऊन, आपलं आयुष्य जगून मरायला निघाली होती. मी शेजारच्या टेक्निशियनला बोलावून ती दाखवली. जीन्स त्या पेशीत तेच होते, बिघाडही तोच होता, फक्त आवळलेली गाठ सुटली होती. नियंत्रणाचा बिघाड पुष्कळदा परतवता येतो, हे त्या एका पेशीने मला जितकं पटवलं तितकं कुठल्या व्याख्यानाने पटवलं नाही.

इथे एक कळकळीची सूचना. तुमच्या भावाला एपीएल नाही, त्यामुळे अट्रा त्यांच्यासाठी नाही, डॉक्टरांकडे मागू नका. एपीएलमध्ये अट्रासोबत आर्सेनिकही देतात, अगदी मोजून, बहुधा शिरेतून, ईसीजीवर नजर ठेवून. "आर्सेनिकने ब्लड कॅन्सर बरा होतो" एवढंच ऐकून कुणी भस्म किंवा पुड्या आणून देत असेल तर घरात घेऊ नका. एपीएलमध्येसुद्धा ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं औषध नाही.

आता तुमच्या भावाच्या चार ओळी.

एनपीएम१ चं प्रथिन नेहमी कुठे राहतं? मघाशी सांगितलेल्या त्या फिकट निळसर ठिपक्यात, न्यूक्लिओलसमध्ये. चार अक्षरं वाढली की त्याचं शेपूट बदलतं आणि ते केंद्रकातून बाहेर, पेशीच्या पसाऱ्यात येऊन पडतं. इटलीतल्या ब्रुनान्जेलो फालिनी यांच्या गटाने २००५ साली हे शोधलं, आणि सुरुवात झाली ती मॅरोच्या तुकड्यांच्या साध्या रंगकामातून: तपकिरी रंग केंद्रकात दिसायला हवा तो बाहेर दिसत होता. मोठ्यांमधल्या एएमएलपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा बदल असतो. म्हणजे तुमच्या भावाचा आजार दुर्मीळ जातीचा नाही, डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

या बदलाचा परिणाम काय, तर होक्सए९ आणि मेइस१ बंदच होत नाहीत. पेशीला "मोठी हो" सांगायची वेळ येते तरी "आणखी बनव" हा हुकूम चालू राहतो. हा हुकूम चालू ठेवायला मेनिन नावाचं प्रथिन लागतं. मेनिनला अडवणारं रेव्युमेनिब हे औषध अमेरिकेत २०२४ साली मंजूर झालं, ते केएमटी२ए जीनच्या अदलाबदलीच्या ल्युकेमियासाठी. त्यातही होक्सचेच जीन्स बंद न होता चालू राहिलेले असतात, म्हणून एनपीएम१ च्या आजारातही मेनिन हेच मर्मस्थान ठरतं. आज तुमच्या भावाला ते लागेलच असं नाही. पण नियंत्रण कुठे बिघडलं हे कळलं की औषधाचा नेम कुठे धरायचा हे कळतं, एवढं यातून लक्षात यावं म्हणून सांगितलं.

डीएनएमटी३ए मधला बदल बहुधा पुष्कळ आधीचा असतो. होतं असं: कित्येक वर्षांपूर्वी मॅरोतल्या एका मूळ पेशीत विभाजनाच्या वेळी नक्कल करताना चूक झाली. मेथिलच्या खुणा नीट लागेनात. ती पेशी लगेच कॅन्सर झाली नाही, फक्त शेजारणींपेक्षा जरा जास्त टिकू लागली आणि तिची पिल्लावळ वाढत गेली. सत्तरीपुढच्या दहातल्या सुमारे एका धडधाकट माणसाच्या रक्तात अशी पिल्लावळ सापडते आणि बहुतेकांना जन्मभर ल्युकेमिया होत नाही. तुमच्या भावाचं दुर्दैव असं की त्या पिल्लावळीतल्याच एका पेशीत पुढे एनपीएम१ ची दुसरी चूक झाली, आणि त्या दिवसापासून आजार सुरू झाला. त्यांनी काही खाल्लं, तंबाखू घेतली की नाही घेतली, ऑफिसचा ताण घेतला, असा हिशोब आता मांडू नका. माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी वेळा नक्कल होते, तिथे चूक होणं अटळ आहे, आणि ती कुठे पडेल हे कुणाच्या हातात नसतं. तुमच्या आईलाही हे सांगा. मी अनेक आयांना गर्भारपणातल्या कुठल्या तरी उपासाचा दोष स्वतःकडे घेताना पाहिलं आहे.

चौथी ओळ चांगली बातमी आहे. एफएलटी३ हा पेशीच्या वाढीचा वेग ठरवणारा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप घेणारं प्रथिन. त्यात आयटीडी प्रकारचा बदल असता तर अडकलेल्या पेशी दुप्पट जोराने वाढल्या असत्या आणि वेगळं औषध जोडावं लागलं असतं. तो नाही. एनपीएम१ आहे आणि एफएलटी३-आयटीडी नाही, ही जोडी आंतरराष्ट्रीय वर्गवारीत अनुकूल गटात धरली जाते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: जीन्सचं लिखाण जवळपास सगळं शाबूत आहे, दोन जागी बारीक चुका झाल्या, त्या दोन्ही चुका कोणते जीन्स उघडे राहतील यावर परिणाम करणाऱ्या, त्यामुळे पेशी बालपणात अडकून पडल्या आणि चांगल्या पेशींना जागा उरली नाही. हिरड्यांतलं रक्त प्लेटलेट कमी झाल्याने, ताप न्यूट्रोफिल कमी झाल्याने, थकवा लाल पेशी कमी झाल्याने.

अनुकूल गट म्हटलं म्हणून निर्धास्त व्हावं असं मात्र मी म्हणणार नाही. पुढचं पुष्कळ परिस्थितीवर अवलंबून आहे. पहिला महिना सगळ्यात कठीण. या वयात साधारणपणे सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन ही केमोथेरपीची औषधं देतात, त्यानंतर दोन-तीन आठवडे न्यूट्रोफिल जवळजवळ नसतातच. त्या दिवसांत आपल्याकडे ल्युकेमियाइतकीच भीती जंतुसंसर्गाची असते. खोलीत एका वेळी एकच माणूस, हात धुऊन, मास्क लावून. भेटायला येणारे प्रेमाने सराफ्यातलं काहीबाही खायला घेऊन येतात, ते बाहेरच ठेवा. कापलेली फळं, कच्ची कोशिंबीर, चटणी काही दिवस नको. ताप १०० च्या वर गेला तर "सकाळी सांगू" म्हणू नका, रात्री दोन वाजता असला तरी सिस्टरना उठवा.

दुसरं, एनपीएम१ ही आपल्याला मिळालेली एक सोय आहे. तो बदल फक्त ल्युकेमियाच्या पेशीतच असतो, त्यामुळे लाखो पेशींत एखादी उरली असेल तरी पीसीआरने पकडता येते. केमोथेरपीच्या दुसऱ्या सायकलनंतर, म्हणजे दुसऱ्या फेरीनंतर, रक्तातून हा आकडा तपासतात. तो दिसेनासा झाला तर आजार उलटण्याचा धोका बराच कमी, आणि मग पहिल्या टप्प्यात बोन मॅरो ट्रान्सप्लांटची गरज बहुधा पडत नाही. तो उरला असेल तर डॉक्टर ट्रान्सप्लांटचा विषय काढतील. ही तपासणी पुढे तुलना करून वाचायची असते, म्हणून निदानाच्या वेळचा मूळ रिपोर्ट, त्यात एनपीएम१ चा नेमका कोणता प्रकार लिहिला आहे त्यासकट, जपून ठेवा. कागद आणि फोनमधला फोटो, दोन्ही. नमुने बाहेरगावच्या लॅबला जातात, लॅब बदलते, डॉक्टर बदलतात, आणि सहा महिन्यांनी मूळ कागद सापडत नाही म्हणून अडलेली घरं मी पाहिली आहेत.

डीएनएमटी३ए चं मात्र उलटं आहे. उपचारानंतर सगळं नीट असताना पुढच्या रिपोर्टात एनपीएम१ निगेटिव्ह आणि डीएनएमटी३ए अजून पॉझिटिव्ह असं दिसू शकतं. घाबरून जाऊ नका. ती जुनी पिल्लावळ मागे उरली आहे, ती ल्युकेमिया नव्हे. मागच्या वर्षी एक बाई असाच रिपोर्ट हातात धरून, रडत, थेट माझ्या लॅबच्या दारात उभ्या होत्या. त्यांचे यजमान ठणठणीत होते आणि त्या एका ओळीने त्यांची आठ दिवसांची झोप गेली होती.

आता मुलं. एनपीएम१ चा बदल जन्मतः नसतो, तो मॅरोतल्या एका पेशीत नंतर घडतो. डीएनएमटी३ए चंही ल्युकेमियात जवळजवळ नेहमी तसंच. तुमच्या भावाच्या बीजपेशीत ते बदल नाहीत, म्हणून मुलींपर्यंत ते जाण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तुमच्या मुलापर्यंत तर नाहीच. मुलांची रक्ततपासणी करून घेऊ नका. वारशाने ल्युकेमियाचा धोका देणारे काही जीन्स आहेत, सीईबीपीए, रनएक्स१, गाटा२, डीडीएक्स४१ असे. घरात दोन-तीन जवळच्या माणसांना रक्ताचा कॅन्सर झाला असेल, कुणाच्या प्लेटलेट लहानपणापासून विनाकारण कमी असतील, किंवा रिपोर्टात यांपैकी एखादं नाव निम्म्याच्या आसपासच्या प्रमाणात (म्हणजे त्या जीनच्या तपासलेल्या प्रतींपैकी सुमारे निम्म्यांत बदल) आलं असेल, तरच ती शंका घ्यायची. तेव्हासुद्धा तपासणी रक्तावर नव्हे, त्वचेच्या छोट्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशींवर करतात, कारण ल्युकेमियाच्या रुग्णाच्या रक्तात आणि लाळेतही आजाराच्या पेशी मिसळलेल्या असतात. तुमच्या चार ओळींत आणि आईंच्या सांगण्यात असं काहीच नाही.

तुमची स्वतःची एक तपासणी मात्र डॉक्टर सांगू शकतात, ती एचएलएची. ती आजार शोधायला नाही. पुढे कधी ट्रान्सप्लांट लागलं तर तुमचा मॅरो भावाला जुळतो का, हे बघायला. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. "माझी पण तपासणी सांगितली, म्हणजे मलाही आहे का," या धास्तीने काही भाऊ ती टाळत राहतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आणि याच कारणासाठी, उद्या प्लेटलेटची गरज पडली आणि ब्लड बँकेने दाता आणायला सांगितलं तर तुम्ही किंवा तुमच्या आईने देऊ नका, डॉक्टर स्वतःहून म्हणाले तर वेगळं. जवळच्या नातलगाचं रक्त शरीरात गेलं तर भावाचं शरीर त्याच्याविरुद्ध तयार होऊन बसू शकतं आणि मग तोच नातलग पुढे मॅरो द्यायला अडचणीचा ठरतो. मित्र, शेजारी, ऑफिसमधली मंडळी यांची नावं, रक्तगट आणि फोन नंबर एका कागदावर आजच लिहून काढा. एका माणसाच्या प्लेटलेट तीन-चार दिवसांपलीकडे फारशा पुरत नाहीत, त्यामुळे दहा-बारा नावं हाताशी हवीत. हा कागद भावजयीकडे देऊन ठेवा, रात्री फोन बहुधा त्यांनाच येईल.